मांडवीचा खांब: गर्दीत भोवळ येणाऱ्या एका रुग्णाला आभासी बाजारातून नेताना

(वय, व्यवसाय आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. रुग्ण आणि त्यांच्या पत्नी दोघांनीही लिहायला परवानगी दिली. मसुदा काकूंनी वाचला आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं.)

पार्श्वभूमी

काका 67 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. जन्म बडोद्याचा, घर दांडिया बाजारच्या बाजूला. सकाळी सूरसागर तलावाला फेरी, येताना खंडेराव मार्केटच्या मागून भाजी, संध्याकाळी जुन्या शहराच्या मध्यावरच्या मांडवीच्या कमानीपर्यंत एक चक्कर, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तोल जाणाऱ्या, चक्कर येणाऱ्या रुग्णांवर जास्त काम करते. ऑगस्टच्या शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

आजार मार्चमधला. एका सकाळी उठताना घर गरगर फिरायला लागलं, दोन दिवस उलट्या थांबेनात. मेंदूत काही नाही याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली. कानात कोमट आणि थंड पाणी सोडून करतात ती कॅलरिक चाचणी झाली. ज्यांना 1914 चं नोबेल मिळालं त्या रॉबर्ट बारानी यांची ही देणगी. डाव्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती: वेस्टिब्युलर न्यूरायटिस. मोठी चक्कर दहा दिवसांत गेली. पण ऑगस्ट उजाडला तरी काका बाजारात पाऊल टाकू शकत नव्हते.

अडचण नेमकी कुठे होती

आपला तोल तीन जणांच्या सांगण्यावर चालतो. आतला कान, डोळे आणि पायाच्या तळव्यांपासून मानेपर्यंतचे स्नायू-सांधे. एका कानाने चुकीची खबर द्यायला सुरुवात केली की मेंदू काही आठवड्यांत नवा हिशेब बसवतो, पण त्यासाठी माणसाने हलतं-फिरतं राहावं लागतं. काका घाबरून पडून राहिले. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या असतात. त्यांनी तीच चिठ्ठी दाखवून तीन महिने घेतल्या. त्या गोळ्या भोवळ दाबतात तसा मेंदूचा नवा हिशेबही लांबवतात. शेवटी मेंदू जवळजवळ सगळा भार डोळ्यांवर टाकून मोकळा झाला.

बडोदा स्टेशनवर गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं. आपल्या बाबतीत हा भास दोन सेकंदांत मिटतो, कारण कान सांगतो की आपण जागेवरच आहोत. काकांचा कान ते ठामपणे सांगेना. रिकाम्या रस्त्यावर ते ठीक असत. मांडवीत चारही बाजूंनी रिक्षा, स्कूटर, पिशव्या आणि माणसं सरकायला लागली की जमीनच सरकतेय असं वाटे. मग ते जवळच्या पार्क केलेल्या स्कूटरचा आरसा धरून उभे राहत. महिने उलटले तरी टिकणाऱ्या, उभं राहताना आणि हलतं दृश्य पाहताना वाढणाऱ्या या भोवळीचे निकष बारानी सोसायटी या तोल-भोवळीच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केले. नाव लांबलचक आहे: परसिस्टंट पोश्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस. काकूंनी एका वाक्यात सांगितलं ते मला जास्त पटलं. ‘ताई, चक्कर गेली, पण जाताना बाजार घेऊन गेली.’

डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही 25 प्रश्नांची, 100 गुणांची प्रश्नावली आम्ही वापरतो. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. काकांचे 56 आले.

मी विचारलं, ‘काका, तुम्हाला नक्की काय करता आलं पाहिजे?’ वाटलं होतं, भाजी आणणं म्हणतील. ते म्हणाले, ‘वरघोड्याला उभं राहता आलं पाहिजे.’ मांडवीजवळच्या मंदिरातून देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो. आपण त्या एकादशीला कार्तिकी म्हणतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून आणि पुढे स्वतःच्या पायावर, काकांनी तो कधी चुकवला नव्हता. एकादशी अकरा आठवड्यांवर होती.

कोणते मार्ग समोर होते

पहिला सरळ मार्ग म्हणजे बाजारातच जायचं, रोज थोडं थोडं. तो मी आधी वापरून पाहिला होता. गर्दीला मात्रा नसते. सकाळी नऊला शांत असलेल्या गल्लीत नऊ पाचला टेम्पो घुसतो आणि माणूस पुन्हा आठवडाभर घर धरून बसतो. काकांच्या बाबतीत दोनदा असंच झालं.

दुसरा म्हणजे टीव्हीवर सरकत्या पट्ट्यांचे व्हिडिओ. उपयोगी असतात, स्वस्तही. पण काका तीन मिनिटांत कंटाळले. ‘हे बघून मी पट्ट्यांच्या बाजारात जाऊ शकेन,’ म्हणाले. त्यांचं खरं होतं.

तिसरा, डोळ्यांवर लावून चहूबाजूंनी आभासी दृश्य दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटवरचे तयार कार्यक्रम. माझ्याकडे होता त्यात परदेशी सुपरमार्केट होतं: लांब सरळ रांगा, ट्रॉली, कुणीही कुणाला धक्का देत नाही. मांडवीशी त्याचं काही नातं नाही. चौथा, गूगल स्ट्रीट व्ह्यू. 2022 मध्ये ती सेवा भारतात आली तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत बडोदा होतं, त्यामुळे आपले रस्ते तिथे सापडतात. पण चित्र गोठलेलं असतं, कॅमेरा गाडीच्या टपावर, आणि काकांचा शत्रू तर हालचाल हाच. पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला तेवढं वापरलं.

पाचवा मार्ग सगळ्यात कटकटीचा: काकांच्या रोजच्या जागांचं आपणच 360 अंशांत चित्रीकरण करायचं आणि तेच हेडसेटमध्ये दाखवायचं. टेम्पो येईल, पण कधी येईल ते आम्हाला ठाऊक असेल. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी दोन अटी घातल्या: गोळ्या पूर्ण बंद झाल्याशिवाय सुरुवात नाही, आणि हेडसेट घरी द्यायचा नाही. दोन्ही मान्य केल्या.

चित्रीकरण

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून दोन भिंगांचा कॅमेरा आणला. जागा काकूंनी ठरवल्या: पहाटेचं सूरसागर, खंडेराव मार्केटमागची भाजी, न्यायमंदिरासमोरचा रस्ता, सकाळी अकराची मांडवी आणि संध्याकाळी सातची मांडवी. प्रत्येकी चार मिनिटं. कॅमेरा हातात धरून चालायचं नाही, तिपाईवर एका जागी ठेवायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. चालताना घेतलेलं चित्र पावलागणिक उसळतं आणि निरोगी माणसालाही मळमळतं.

मांडवीत तिपाई लावल्यावर एका दुकानदाराने विचारलंच, ‘शेनुं शूटिंग छे, बेन?’ कारण सांगितलं तर त्याने स्वतःच्या फळीपाशी जागा करून दिली. ती फळी पुढे आम्हाला महागात पडली, त्यात त्याचा काही दोष नाही. बाजारातल्या माणसांचे चेहरे त्या चित्रफितीत आहेत, म्हणून ती हेडसेटबाहेर कुठेही ठेवली नाही आणि उपचार संपल्यावर पुसायची हे लिहून ठेवलं.

एक चूक लगेच लक्षात आली. कॅमेरा मी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला होता आणि काका बघणार होते खुर्चीत बसून. पहिल्याच मिनिटाला म्हणाले, ‘मी स्टुलावर उभा आहे का?’ पायाखाली जमीन लागते, डोळ्यांना मात्र ती फार खाली दिसते. ज्याची तक्रारच कान-डोळ्यांच्या भांडणाची आहे त्याच्यावर मी आणखी एक भांडण लादत होते. पाचही ठिकाणी पुन्हा गेलो, तिपाई सव्वा मीटरवर उतरवली, ओट्यावर बसलेल्या माणसाला दिसेल तसं. आधीच्या फिती उभं राहण्याच्या टप्प्यासाठी राखून ठेवल्या.

पहिले तीन आठवडे

हातांची, बिनचाकांची खुर्ची. नाकावर लांबचं बघायचा साधा चष्मा. दोन नंबरांचा चष्मा हेडसेटमध्ये अडचण करतो. भोवळ किती हे मी 0 ते 10 मध्ये विचारत होते. काकांनी स्वतःच मोजमाप बदललं: ‘चार आणे.’ वडिलांची बोलायची पद्धत, त्यांना ती सोपी. मग आमची पट्टी सोळा आण्यांची झाली. सहा आण्यांपर्यंत चढू द्यायचं, आठला थांबायचं, आणि वीस मिनिटांत मूळ पातळीवर उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर पुढच्या वेळी मात्रा कमी. भोवळ अजिबात येऊ द्यायची नाही, असं इथे चालत नाही. थोडी आल्याशिवाय मेंदूला शिकायला काही उरत नाही.

पहिल्या सत्रात रिमोट माझ्या हातात होता. सूरसागर छान गेलं. मधोमधच्या शंकराच्या मूर्तीवर नजर ठेवून ते डावी-उजवीकडे मान फिरवत होते, दोन आण्यांवर. मी खूश होऊन बटण दाबलं आणि क्षणात त्यांना भाजीबाजारात नेलं, काहीही न सांगता. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ‘कुठे आणून टाकलंत एकदम?’ नऊ आणे. त्या दिवशी ते चाळीस मिनिटं कोचावर पडून होते.

त्यानंतर आम्ही शब्द ठरवले, कारण माझे शब्दही धड नव्हते. ‘डावीकडे’ म्हटलं की ते कधी मान वळवत, कधी सगळं अंग. आता ‘बघा’ म्हणजे फक्त मान. ‘वळा’ म्हणजे खांद्यांसकट. ‘चला’ म्हणजे चित्र बदलणार. ‘थांबा’ हा शब्द फक्त काकांचा, आणि तो आला की बाकी सगळे गप्प. ‘थांबा’नंतर करायचं काय, यावरही विचार करावा लागला. डोळे मिटणं सोपं वाटतं, पण त्यांचा मेंदू डोळ्यांवरच टेकलेला. मिटले की ते जास्त झुलत. हेडसेट ओढून काढला तर खोलीचा प्रकाश एकदम अंगावर येतो. मग ठरलं, प्रत्येक जागी एक न हलणारी वस्तू निवडायची आणि तिथे नजर रोवायची. सूरसागरला शंकर. मांडवीत कमानीचा डावीकडचा खांब. ‘खांब धरा’ म्हटलं की ते तिकडे बघत, दोन श्वास घेत आणि आणे सांगत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बसून पाहिलेली सकाळची मांडवी त्यांना पाच आण्यांत झेपू लागली.

‘जरा टेकतो’

चौथ्या आठवड्यात उभं केलं. शेजारी मी, तीन फुटांवर काकू, मागे पलंग. काका काय बघताहेत ते माझ्या फोनवर दिसत होतं. माझ्या वायफायवर ते चित्र जवळजवळ सेकंदभर मागे असे. हे मला माहीत होतं. तरी माझी नजर फोनवर होती.

काका म्हणाले, ‘जरा टेकतो हं.’ शब्द कानावर पडले, पण अर्थ डोक्यात शिरला नाही. त्यांच्या डाव्या हाताशी, चित्रात, त्या भल्या दुकानदाराची लाकडी फळी होती. बाजारात दमलेला माणूस जसा सहज हात टेकवतो तसा त्यांनी टेकवला. फळी नव्हतीच. काकूंनी पाठीमागून शर्ट धरला म्हणून ते जमिनीवर आपटले नाहीत. एका गुडघ्यावर बसले, पलंगाच्या कडेने नडगी खरचटली. तेवढ्यात माझ्या फोनवर ती फळी चित्राच्या मध्यभागी आली.

मनगट, गुडघा तपासला, जखम बांधली, डॉक्टरांना कळवलं, फाइलमध्ये नोंद केली. काका म्हणत राहिले, ‘चूक माझी, फळी नाही हे मला कळायला हवं होतं.’ मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहिते: चूक त्यांची नव्हती. चित्र खरं वाटावं म्हणूनच तर आम्ही एवढा खटाटोप केला होता. ज्याला मी त्या बाजारात नेलं त्याने बाजारातल्यासारखं वागणं हे यश होतं, आणि त्या यशासाठी मी जागा तयार ठेवली नव्हती. मला चित्र बघायचंच नव्हतं. बघायचे होते ते त्यांचे पाय. सत्रांचे व्हिडिओ मी नंतर पाहिले. प्रत्येक वेळी आणे चढायच्या आधी त्यांच्या पायाची बोटं चपलेत आखडलेली दिसतात, तोंडून आकडा येण्याच्या तीन-चार सेकंद आधी. सगळी खबर तिथे होती.

आठवडाभर सत्रं बंद ठेवली. हा मार्गच सोडायचा का, असा प्रश्न होता. सोडला असता तर काकांच्या मनात शेवटची आठवण पडण्याची राहिली असती. आणि आभासी मांडवीत पडलेला माणूस खऱ्या मांडवीत जाणं अवघड. पुन्हा बसून सुरुवात करायची ठरली. उभं राहणं दोन दांड्यांच्या मध्येच, कमरेला पट्टा, मागे सहायक. डावीकडचा दांडा मोजून असा लावला की चित्रातल्या फळीच्या जागी तो खरोखर हाताला लागावा. पुढे काका तिथे टेकले की हाताखाली लोखंड येई आणि चेहऱ्यावर हसू. फोन मी सहायकाकडे दिला.

काकूंचा आवाज

त्या रिकाम्या आठवड्यात काकूंनी हेडसेट मागितला. ‘हे काय बघतात ते मला बघू द्या.’ पाचही फिती त्यांनी दोन-दोनदा पाहिल्या. त्यानंतरच्या सत्रात मी नेहमीसारखं ‘आता उजवीकडे बघा, आता समोर’ सांगत होते आणि काकू मधेच बोलल्या: ‘अहो, मागून हॉर्न येतोय ना, ती रिक्षा डाव्या अंगाने येईल. येऊ द्या तिला.’ रिक्षा आली, डाव्या अंगानेच. काकांचे खांदे होते तिथेच राहिले.

मी गप्प झाले आणि काकूंना बोलू दिलं. ‘ती पिवळ्या साडीतली बाई थांबेल आता, पिशवी बदलेल.’ ‘दोन पोरं पळत येताहेत, तुम्हाला नाही लागत ती.’ मी दिशा सांगत होते, त्या पुढे काय घडणार ते सांगत होत्या. मला हे आधी सुचायला हवं होतं. घाटात गाडी चालवणाऱ्याला मळमळत नाही, मागे बसलेल्याला मळमळतं. वळण कधी येणार हे चालवणाऱ्याला आधी कळतं आणि त्याचा मेंदू त्या वळणाची तयारी करून ठेवतो. काकूंच्या शब्दांनी काका मागच्या सीटवरून पुढे आले.

सगळं श्रेय आवाजाला द्यायला मी कचरत होते, कारण फितीही ओळखीच्या झाल्या होत्या. म्हणून मांडवीच्याच दोन नव्या फिती घेतल्या. एक काकांनी शांततेत पाहिली: सात आणे. दुसरी काकूंच्या बोलण्यासह: पाच. एका माणसावरचा एकच प्रयोग आहे हा. आमच्यापुरता निर्णय घ्यायला पुरला.

दुसरा निर्णय बटणाचा. गाडी चालवणाऱ्याची गोष्ट खरी मानायची तर बटण काकांच्याच हाती हवं. दिलं. भोवळ कमी झाली, पण नवीनच अडचण उभी राहिली. संध्याकाळची मांडवी सुरू झाली की चाळीस सेकंदांत बटण दाबून ते सूरसागरला जाऊन बसत. पळायची सोय हातात असली की भीती तशीच राहते. बटण परत घ्यावं असं मला वाटू लागलं. तोडगा काकूंनी काढला: ‘बटण तुमचं. पण चला मी म्हणेन तेव्हाच दाबायचं. थांबा तुम्ही म्हणा, कधीही म्हणा.’ म्हणजे शब्द एकाचा, बोट दुसऱ्याचं. काकांनी मान डोलावली. बँकेत लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच हे, म्हणाले. सातव्या आठवड्यात संध्याकाळची मांडवी चार मिनिटं पूर्ण, उभ्याने, सहा आणे.

खऱ्या बाजारात

नवरात्राच्या रात्रींत बडोद्याचे रस्ते आपले राहत नाहीत, म्हणून बाहेर पडणं त्यानंतर सुरू केलं. सकाळी सातला खंडेराव मार्केट, मग नऊला, मग न्यायमंदिर. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत काकू कोथिंबिरीचा भाव करायला थांबल्या. काका चार पावलं पुढे जाऊन गल्लीच्या तोंडाशी खिळले. फार गर्दीही नव्हती. आवाज बंद झाला होता, एवढंच.

ही चूक माझी, आणि फळीच्या चुकीपेक्षा मला ती मोठी वाटते, कारण इथे मला कुणी घाई केलेली नव्हती. आवाज कामाला येतोय म्हटल्यावर मी तो दोन आठवडे पूर्ण चालू ठेवला. तो पहिल्या दिवसापासून हळूहळू काढून घ्यायला हवा होता: आधी सगळं सांगायचं, मग फक्त मोठ्या वाहनांचं, मग काहीच नाही आणि शेवटी काकांनीच काकूंना सांगायचं. ते आम्ही नंतर केलं, घाईघाईने, दहा दिवसांत. शेवटच्या पायरीवर गंमत आली. हेडसेट लावून काका बोलत होते, ‘आता तो हातगाडीवाला वळणार बघ,’ आणि खुर्चीत बसून ऐकणाऱ्या काकू ‘हो का?’ म्हणत होत्या. ही पायरी लवकर आली असती तर एकादशीच्या आधी आणखी चार-पाच खऱ्या फेऱ्या झाल्या असत्या. आता मी नातेवाइकांना वाटाड्या म्हणून घेते तेव्हा बोलायला शिकवण्याच्या दिवशीच गप्प राहायचं वेळापत्रकही लिहून देते.

काकू कोपर धरत असत, तेही सोडवायला वेळ लागला. मसुद्यात मी ‘काकूंना हात सोडवत नव्हता’ असं लिहिलं होतं. त्यांनी दुरुस्त केलं: ‘मला नाही, त्यांना सोडवत नव्हता.’ दोघांचंही खरं असावं.

एकादशी आणि नंतर

एकादशीच्या सकाळी मी मुद्दाम दूर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. काका एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभे, काकू हातभर अंतरावर, गप्प. भजनी मंडळी गेली, मग बँड आला. ढोलाबरोबर सगळी गर्दी लाटेसारखी हलली तेव्हा त्यांनी पालखीकडची नजर काढून खांबावर नेली, दोन श्वास घेतले, परत पालखीकडे आणली. पालखी समोरून गेली तेव्हा हात जोडलेले होते, कशालाही धरलेले नव्हते. पंचवीस मिनिटं उभे राहिले. नंतर काकूंना म्हणाले, ‘चला,’ आणि दोघं गर्दी पांगायच्या आधी दांडिया बाजारच्या दिशेने निघाले. संध्याकाळी फोनवर आकडा सांगितला: बँडच्या वेळी सहा, घरी पोचेपर्यंत दोन.

महिन्याभराने प्रश्नावली पुन्हा भरली: 32. अठरा किंवा त्याहून जास्त गुणांची घट झाली तर ती खरी सुधारणा मानतात. इथे चोवीस आहे. तरी मॉलचा सरकता जिना ते अजून टाळतात, मोठ्या पडद्यावरचा सिनेमाही. स्कूटर चालवायची परवानगी डॉक्टरांनी दिलेली नाही आणि काका त्यावर नाराज आहेत.

जुन्या फिती ठरल्याप्रमाणे पुसून टाकल्या. सरकत्या जिन्यासाठी आता नव्याने चित्रीकरण करायचं आहे आणि या वेळी कॅमेरा काका लावणार आहेत. तिपाई किती उंचीवर हवी हे त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं: ‘आधी सव्वा मीटर. आणि जिन्याच्या कठड्यापासून लांब, ताई, हात पोचणार नाही इतकी लांब.’